अतिसूक्ष्म वनस्पतिप्लवकांचे सागरी वितरण

समुद्रात तरंगणाऱ्या व प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एकपेशीय जीवांपैकी ज्यांचा व्यास साधारण 2 मायक्रोमीटरपेक्षा कमी असतो, त्यांना अतिसूक्ष्म वनस्पतिप्लवक किंवा पिकोफायटोप्लँक्टन म्हणतात. प्रोक्लोरोकॉकस आणि सिनेकोकॉकस हे नीलहरित जीवाणू व पेशीत केंद्रक असलेली चिमुकली शैवले असे त्यांचे तीन गट आहेत. कोणता गट कुठे, किती खोलीवर आणि वर्षाच्या कोणत्या काळात आढळेल, हे तापमान, प्रकाश व पोषकद्रव्यांवर ठरते. पण या तिन्हींच्या मागे एक गोष्ट असते: पाण्याचे थर किती ढवळले जातात. त्यामुळे नुसत्या तापमानाच्या नकाशावरून हे वितरण समजून घेऊ पाहणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे.

गोल पेशीचा व्यास निम्मा झाला की घनफळाच्या मानाने तिचा पृष्ठभाग दुप्पट होतो. वनस्पतिप्लवक पोषकद्रव्ये सर्वांगाने शोषतात, म्हणून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जेमतेम असले तरी लहान पेशीचे भागते. सिलिकाचे कवच असलेल्या मोठ्या एकपेशीय शैवलांचे, म्हणजे डायटमचे, तेवढ्यात भागत नाही.

प्रोक्लोरोकॉकसने ही काटकसर टोकाला नेली आहे. त्याची पेशी 0.5 ते 0.7 मायक्रोमीटरची असते आणि पृष्ठभागाजवळच्या प्रकारांत सुमारे 1,700 जनुकेच असतात. पेशीच्या आवरणातही तो फॉस्फरसऐवजी बहुतांशी गंधकयुक्त मेद वापरतो. त्याचा मुलूख साधारण 40° उत्तर ते 40° दक्षिण या पट्ट्यात आहे. 10° सेल्सियसखालच्या पाण्यात तो जवळजवळ सापडत नाही. त्याची खरी भरभराट होते ती महासागरांच्या मध्यभागी, गडद निळ्या आणि नितळ पाण्यात. तिथे उन्हाने तापलेले हलके पाणी झाकणासारखे वर राहते आणि खालच्या थंड, पोषक पाण्याला वर येऊ देत नाही. पाणी इतके स्वच्छ दिसते की त्यात काही जगत असेल असे वाटत नाही. पण त्याच्या एका थेंबात प्रोक्लोरोकॉकसच्या पाच हजारांपर्यंत पेशी असू शकतात. जगभरातील त्यांची संख्या तीनवर 27 शून्ये इतकी असावी, असा अंदाज 2013 मध्ये मांडला गेला.

इतका विपुल जीव 1980च्या दशकापर्यंत ओळखीचा नव्हता, याचे कारणही त्याच्या वितरणातच आहे. पेशी एकेक करून लेझर किरणासमोरून नेणाऱ्या फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर प्रत्येक पेशी एका ठिपक्यासारखी दिसते. सिनेकोकॉकसचे ठिपके नारिंगी प्रकाशामुळे ठळक उठून दिसत. पृष्ठभागावरच्या प्रोक्लोरोकॉकसचे ठिपके मात्र इतके फिके होते, की ती यंत्राचीच खरखर वाटली. खोलवरच्या नमुन्यांत तेच ठिपके उजळ होत गेले, कारण अंधुक प्रकाशात राहणाऱ्या पेशींत हरितद्रव्य जास्त असते. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी या जीवाची नोंद 1988 मध्ये प्रसिद्ध केली.

उजेड मानवणारे प्रकार वरच्या थरात आणि अंधुक प्रकाशावर जगणारे प्रकार खाली, 200 मीटरच्या आसपासपर्यंत, अशी त्याची अंतर्गत वाटणी आहे. खोलवर पोहोचतो तो मुख्यतः निळा प्रकाश, आणि प्रोक्लोरोकॉकसचे खास हरितद्रव्य नेमका तोच उत्तम टिपते. वरून येणारा मंद प्रकाश आणि खालून झिरपणारी पोषकद्रव्ये जिथे भेटतात, तिथे हरितद्रव्याचा दाट पट्टा तयार होतो. उपोष्ण महासागरांत तो बहुधा 80 ते 150 मीटर खोलीवर असतो. अरबी समुद्र आणि पूर्व पॅसिफिकच्या काही भागांत त्याखाली, ऑक्सिजन जवळपास संपलेल्या थरात, दुसराही पट्टा आढळतो. तोही प्रोक्लोरोकॉकसचाच.

पाणी ढवळले की चित्र पालटते. बर्म्युडाजवळच्या सारगासो समुद्रात हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन खाली जाते आणि खालची पोषकद्रव्ये वर येतात. त्यानंतर वसंतात सिनेकोकॉकस वाढतो. प्रोक्लोरोकॉकसची संख्या थर पुन्हा स्थिरावल्यावर, उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात शिखर गाठते. अक्षांश तेच, समुद्र तोच, तरी काही महिन्यांत बहुमत बदलते. सिनेकोकॉकस थंड पाण्यातही तग धरतो आणि किनाऱ्याजवळही मुबलक असतो. त्याची रंगद्रव्येही जागेप्रमाणे वेगळी असतात: खुल्या समुद्रात निळा प्रकाश टिपणारी, किनाऱ्याच्या हिरवट पाण्यात हिरवा टिपणारी.

लोहाचे प्रमाण हा वेगळा पेच आहे. दक्षिण महासागर, विषुववृत्तीय पॅसिफिक आणि उत्तर पॅसिफिकच्या उपध्रुवीय भागात नायट्रेट भरपूर असूनही लोह अत्यल्प असते, म्हणून तिथे लहान पेशींचे प्राबल्य असते. 1995 मध्ये विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये प्रयोगादाखल लोह मिसळले, तेव्हा उसळी घेतली ती डायटमनी. लहान पेशीही जोमाने वाढू लागल्या होत्या, पण त्यांना खाणारे एकपेशीय भक्षक जवळपास त्याच वेगाने वाढतात. म्हणजे कुठे किती पेशी दिसतात हे वाढीइतकेच भक्षक आणि विषाणूंच्या फडशावरही ठरते. पाण्याचे भौतिक गुण मोजून थांबणाऱ्या वर्णनात ही बाजू नेहमी निसटते.

ध्रुवीय पाण्यात प्रोक्लोरोकॉकस नसतो. आर्क्टिकमध्ये त्याची जागा मायक्रोमोनास हे केंद्रकयुक्त शैवल घेते.

समुद्र तापल्यास काय होईल, याबद्दलचे उत्तर अलीकडे बदलले आहे. 2013च्या अभ्यासाने प्रोक्लोरोकॉकस वाढेल असे म्हटले होते. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत मात्र त्याच्या विभाजनाचा वेग सुमारे 28° सेल्सियसपर्यंत वाढून त्यापुढे झपाट्याने घसरताना दिसला. आर्क्टिकमधील कॅनडा खोऱ्यात 2004 ते 2008 दरम्यान अतिसूक्ष्म शैवले वाढली आणि मोठी घटली. वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्याने वरचा थर हलका केला होता, त्यामुळे खालची नायट्रेट वर पोहोचणे कमी झाले होते.