डावपेचप्रधान प्रणयसुखात्मिका

ज्या सुखात्मिकेत प्रेमिकांच्या मीलनाआड वडीलधारी माणसे, गरिबी वा खलपुरुष न येता त्यांनीच एकमेकांवर टाकलेले डाव येतात, तो नाटक-चित्रपटांचा प्रकार. उसनी बेफिकिरी, वेषांतर, मत्सर चेतवणे, खोटी कबुली, पैज ही त्याची नेहमीची साधने. निव्वळ गैरसमजावर चालणारे प्रहसन यात धरू नये. इथे फसवणूक जाणूनबुजून केलेली असते आणि फसवणारा स्वतःच तीत गुंततो.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो मेनँडरच्या ग्रीक नव-सुखात्मिकेपर्यंत (इ. स. पू. सु. चौथे शतक) नेतात. मात्र कॅनेडियन समीक्षक नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ मध्ये त्या परंपरेची जी घडण दाखवली, तीत तरुणाच्या वाटेत बहुधा बाप किंवा बापाच्या जागचा कोणी उभा असतो. अडसर बाहेरचा असतो. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये (सु. १५९८–९९) बिअट्रिस आणि बेनेडिक एकमेकांना शब्दांनी घायाळ करतात, पण त्यांना जुळवण्याचा कट इतरांचा. डाव खुद्द प्रेमिकाच्या हाती आलेला स्पष्टपणे दिसतो तो स्पॅनिश रंगभूमीवर. आगुस्तीन मोरेतोच्या ‘एल देस्देन कोन एल देस्देन’मध्ये (मुद्रण १६५४) प्रेमाचा तिटकारा करणाऱ्या दियानापुढे कार्लोस त्याहून मोठी उदासीनता दाखवतो आणि तिला जिंकतो. फ्रेंच नाटककार मोल्येरने १६६४ मध्ये हीच कल्पना उचलली. त्यामुळे प्रकाराचा आरंभ सतराव्या शतकात मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्याला खरी खोली दिली ती फ्रेंच नाटककार मारिव्होने (१६८८–१७६३). ‘ल ज्य द लामूर ए द्यू आझार’ (१७३०) या नाटकात सिल्व्हिया भावी वराला पारखण्यासाठी दासीशी वेष बदलते. दोरांतनेही नोकराशी तेच केलेले असते. दुसऱ्या अंकात तो आपली ओळख उघड करतो, ती मात्र करत नाही. दासी समजूनही त्याने आपल्याला मागणी घालावी, हा तिचा हट्ट. परीक्षा तिथे संपायला हवी होती. ती पुढे चालू राहते, आणि त्या थोड्या क्रौर्यातच नाटकाचे मोठेपण आहे.

अमेरिकन चित्रपटात हा प्रकार १९३४ नंतर बहरला. पडद्यावर काय दाखवावे हे ठरवणाऱ्या हॉलिवूडच्या निर्मिती-संहितेची कडक अंमलबजावणी त्याच वर्षी सुरू झाली आणि शारीरिक जवळिकीची जागा शब्दांच्या चकमकींनी घेतली, असे बरेच समीक्षक सांगतात. हे कारण एकांगी आहे. बोलपटाने रंगभूमीवरचे लेखक आधीच स्टुडिओत आणले होते. त्यांपैकीच एक प्रेस्टन स्टर्जेस. त्याच्या ‘द लेडी ईव्ह’मध्ये (१९४१) झिडकारली गेलेली पत्तेबाज तरुणी इंग्रज उमरावकन्या बनून परतते आणि त्याच पुरुषाला पुन्हा प्रेमात पाडते. मधुचंद्राच्या रेल्वेप्रवासात ती एकामागून एक कल्पित पूर्वप्रियकर कबूल करत जाते. शेवटी नवरा पायजम्यातच गाडीतून उतरतो आणि चिखलात घसरतो. सूड पुरा होतो, तरी तिच्या चेहऱ्यावर विजय नसतो. अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ मध्ये अशा सात चित्रपटांना ‘पुनर्विवाहाची सुखात्मिका’ म्हटले. पण ते वर्गीकरण डावापेक्षा समेटावर बेतलेले असल्याने इथे अपुरे पडते.

‘पिलो टॉक’मध्ये (१९५९) सामायिक टेलिफोन लाइनच्या आडून पुरुष सोंग घेतो. ‘हाउ टू लूज अ गाय इन टेन डेज’मध्ये (२००३) दोघेही एकाच वेळी परस्परविरोधी डाव खेळतात, आणि प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक असतात.