तुमच्या भुकटीत आम्ही काय मिसळतो आणि कशासाठी

अहवालात ‘लिथियम कार्बोनेट मिसळले’ किंवा ‘सिल्व्हर क्लोराइड ५ टक्के’ असं वाचून काही ग्राहक विचारतात, शुद्धता तपासायला दिलेल्या मालात तुम्हीच भेसळ कशाला करता? प्रश्न रास्त आहे.

डीसी आर्क चाचणीत ग्रॅफाइट इलेक्ट्रोडच्या खळग्यात थोडी भुकटी भरून ती विजेच्या आर्कमध्ये, म्हणजे अखंड ठिणगीत, वाफ करून उडवतात. अणूंनी दिलेल्या प्रकाशाच्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येतं आणि रेषेच्या तीव्रतेवरून प्रमाण. अडचण अशी की नुसत्या कार्बनचा आर्क सुमारे ७००० केल्विनला जळतो. नमुन्यात सोडियम-पोटॅशियम असेल तर तो बराच थंड होतो. म्हणजे एकाच प्रमाणातलं तांबं दोन मालांत वेगळं दिसणार. लिथियमही त्यांच्यासारखंच सहज आयनित होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतं. ते मुद्दाम भरपूर घातलं की नमुन्यातल्या फरकाचा प्रभाव उरत नाही आणि आर्क भटकत नाही. मात्र लिथियमनंही आर्क थंड होतो, आणि थंड आर्कमध्ये आर्सेनिक, फॉस्फरस यांच्या रेषा फिक्या पडतात. सगळ्यांना चालेल असं एकच मिश्रण नसतं, कुणी काहीही म्हणो.

दुसरा प्रकार कॅरिअरचा, म्हणजे अशुद्धींना वाफेबरोबर वाहून नेणाऱ्या मिश्रकाचा. युरेनियमच्या वर्णपटात हजारो रेषा. त्या गर्दीत बोरॉन-कॅडमियमचा माग लागणं कठीण, आणि अणुइंधनात नेमके हेच दोघे न्यूट्रॉन खातात. १९४६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या स्क्रिब्नर आणि मलिन यांनी युरेनियम ऑक्साइडमध्ये २ टक्के गॅलियम ऑक्साइड मिसळलं. लवकर उडणाऱ्या अशुद्धी त्याच्या वाफेबरोबर आर्कमध्ये गेल्या, युरेनियम बहुतेक खळग्यातच राहिलं. झिर्कोनियासाठी (झिर्कोनियम ऑक्साइड) आम्ही सिल्व्हर क्लोराइड वापरतो, तत्त्व तेच.

मिश्रक स्वतःबरोबर अशुद्धी आणतो (लिथियम कार्बोनेटमध्ये सोडियम हमखास), म्हणून प्रत्येक खेपेला नमुन्याशिवाय कोरी चाचणी घेतो आणि प्रमाणित नमुन्यांतही तेच मिश्रण त्याच प्रमाणात घालतो. इलेक्ट्रोडचा कार्बन आणि हवेतला नायट्रोजन मिळून सायनोजेन बनतं; त्याच्या प्रकाशाच्या पट्ट्यांवर, म्हणजे ३८८ नॅनोमीटरच्या आसपास रेषा झाकणाऱ्या धुरळ्यावर, मिश्रक सहसा पुरत नाही. तिथे हवेऐवजी आर्गॉन-ऑक्सिजन सोडावा लागतो आणि दर थोडा वाढतो.

कोणती मूलद्रव्यं हवीत ते नमुन्यासोबत लिहून द्या. लिथियम किंवा चांदी त्यांत असेल तर आवर्जून, कारण मग मिश्रक बदलावा लागतो. भुकटी स्टीलच्या खलात कुटू नका, नाहीतर अहवालात खलाचंच लोखंड आणि क्रोमियम येईल.