जुन्या इन्शुरन्स पॉलिस्या रद्दीत टाकू नका : न्यू जर्सीत दुकान, पंप किंवा जागा असलेल्या आपल्या लोकांसाठी

नमस्कार. ड्रायक्लीनिंगचं दुकान, गॅस स्टेशन, छापखाना किंवा छोटा कारखाना चालवणाऱ्या, आणि आता तो विकून मोकळं व्हायचंय अशा मंडळींसाठी हे लिहिलंय. जागा विकायला काढली की घेणाऱ्याची बँक माती आणि पाण्याची टेस्ट मागते, आणि त्यात पर्क निघालं की माणूस हादरतो, कारण साफसफाईचा खर्च कधीकधी जागेच्या किमतीच्याही वर जातो. आम्ही जुन्या इन्शुरन्स पॉलिस्या शोधून देतो, आणि आमच्याकडे बरेचजण रिटायरमेंटचे पैसे घालायची तयारी करूनच येतात. तसं करू नका, आधी जुने कागद शोधूया.

पर्क म्हणजे परक्लोरोइथिलीन, कपडे धुवायचं केमिकल. ते पाण्यापेक्षा जड असतं, काँक्रीटच्या भेगेतून खाली जातं आणि भूजलात जाऊन बसतं. न्यू जर्सीत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा एक अब्ज भागांत फक्त 1 भाग इतकी कडक आहे. डिसेंबर 2024 मध्ये ईपीएने, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याने, ड्रायक्लीनिंगमधलं पर्क दहा वर्षांत बंद करायचा नियम काढलाय, त्यामुळे दुकान बंद करायचा विचार बरेचजण करतायत आणि टेस्टची वेळ येणारच आहे. सांडलेल्या केमिकलच्या साफसफाईबद्दल दोन कायदे आहेत, न्यू जर्सीचा स्पिल कायदा 1976 चा, केंद्राचा सुपरफंड कायदा 1980 चा, आणि सुपरफंडखाली केमिकल सांडलं कोणी हा प्रश्न नंतरचा, आत्ता जागा ज्याच्या नावावर तोही जबाबदार धरला जातो.

आता मुद्द्याचं. 1966 पासून जनरल लायबिलिटी पॉलिस्या (धंद्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या) ऑकरन्स बेसिसवर लिहिल्या जायला लागल्या, म्हणजे क्लेम कधी केला ते बघायचं नाही, नुकसान कुठल्या वर्षी झालं ते बघायचं. समजा 1978 साली पर्क जमिनीत मुरत होतं आणि त्या वर्षीचा हप्ता भरलेला होता, तर त्या वर्षीच्या नुकसानाची जबाबदारी कंपनीने तेव्हाच घेतलेली आहे, पॉलिसी संपून पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली म्हणून ती जात नाही. 1986 पासून मात्र कंपन्यांनी प्रदूषण सरसकट वगळलं, म्हणून त्याआधीचे कागद सोन्यासारखे.

मधली भानगडही समजून घ्या, कारण क्लेम केला की कंपनी पहिलं उत्तर हेच देते. 1970 च्या सुमाराला पॉलिसीत एक कलम आलं, की प्रदूषण ‘अचानक आणि अपघाताने’ झालं असेल तरच पैसे मिळतील. कंपनी म्हणते की तुमचं केमिकल वर्षानुवर्षं हळूहळू झिरपलं, म्हणजे अचानक नाही, म्हणजे पैसे नाहीत. पण हे कलम मंजूर करून घेताना याच कंपन्यांनी राज्यांच्या अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की याने काही कमी होत नाही, आम्ही फक्त खुलासा करतोय, आणि हप्तेही कमी केले नव्हते. 1993 मध्ये मॉर्टन इंटरनॅशनलच्या केसमध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने हे पकडलं आणि सांगितलं की तेव्हा एक बोललात, आता दुसरं चालणार नाही. मुद्दाम केलेलं प्रदूषण मात्र यात बसत नाही, आणि ते आम्हाला योग्यच वाटतं. प्रत्येक राज्यात निकाल असा नाही, त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या नातेवाइकांना यावरून सल्ला देऊ नका.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी दुकान 1986 नंतर विकत घेतलंय आणि ते म्हणतात, मग आमचा काय संबंध? संबंध आहे. आधीच्या मालकाच्या काळात पर्क सांडलं असेल तर त्याच्यावर दावा करता येतो, आणि त्याच्या वतीने त्याची जुनी पॉलिसी उभी राहते. मालक वारला असेल, फ्लोरिडाला गेला असेल, तरी पॉलिसी शोधता येते. त्याच्याशी भांडण करायचं नाहीये, त्याच्या इन्शुरन्सकडून पैसे काढायचेत, हे त्याला किंवा त्याच्या मुलांना नीट समजावलं तर लोक मदत करतात.

पॉलिसीच हरवलीय? हरकत नाही, नुसता पॉलिसी नंबर किंवा हप्त्याचा जुना चेकसुद्धा पुरावा म्हणून कामाला येतो. जुन्या भाडेकरारामागे जोडलेलं इन्शुरन्स सर्टिफिकेट बघा, बँकेची कर्जाची फाइल बघा, सीपीएकडच्या जुन्या वह्या, गावातल्या इन्शुरन्स एजंटचं कपाट, सगळं बघा. आपल्या घरी आई-बाबा लाइटची बिलं तारेला टोचून वर्षानुवर्षं ठेवायचे ना, तशी सवय असलेला एखादा जुना मालक भेटला की आमचं निम्मं काम होतं. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर जबाबदारी कुणाकडे गेली ते आम्ही शोधतो, बुडाली असेल तर राज्याच्या गॅरंटी फंडाकडे, म्हणजे बुडालेल्या इन्शुरन्स कंपन्यांचे क्लेम बघणाऱ्या फंडाकडे, बघावं लागतं. जेवढी जास्त वर्षं सापडतील तेवढं बरं, कारण 1994 च्या ओवेन्स-इलिनॉय निकालापासून इथे खर्च वर्षांवर वाटला जातो आणि हरवलेल्या वर्षाचा वाटा तुमच्या अंगावर येऊ शकतो.

एक अडचण आधीच सांगतो. लायबिलिटी पॉलिसी तुमच्या स्वतःच्या जमिनीसाठी नसते, दुसऱ्याच्या नुकसानासाठी असते. म्हणून नुसती तुमची माती खराब असेल तर केस कमजोर, पण भूजल किंवा शेजारची जागा खराब झाली असेल तर चित्र बदलतं, आणि पर्क बहुतेक वेळा पाण्यापर्यंत पोचलेलंच असतं.

टेस्टचा रिपोर्ट हातात आला की इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवल्याशिवाय मोठा खर्च करू नका आणि कुणालाही ‘हो, आम्ही भरतो’ म्हणू नका. उशीर झाला असेल तरी घाबरू नका, न्यू जर्सीत त्या उशिराने खरंच नुकसान झालं हे कंपनीला दाखवावं लागतं. पण याचा अर्थ आणखी सहा महिने थांबा असा नाही.

आम्ही कागद शोधणारे लोक आहोत, वकील नाही. क्लेमसाठी पॉलिसीधारकांच्या बाजूने काम करणारा वकील लागेल आणि साफसफाईसाठी राज्याचा लायसन्सवाला तज्ज्ञ, ज्याला इथे एलएसआरपी म्हणतात. पहिल्या भेटीला येताना दुकान खरेदीचा करार, सगळे जुने भाडेकरार आणि आधीच्या मालकांची जेवढी नावं आठवतील तेवढी एका कागदावर लिहून आणा, तळघरातला खोका असेल तर तो न उघडता तसाच आणलात तरी चालेल.