विनादोष दायित्व, मोटार अपघातातील

मोटार अपघातात कोणी दगावले किंवा गंभीर जखमी झाले, तर चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक भरपाई मिळवून देणारी कायदेशीर तरतूद. कोर्टकचेरीत तिला सर्रास ‘नो फॉल्ट’ म्हणतात. भारतात ती सध्या मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६४ मध्ये आहे. मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे असतात. हे कलम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे.

निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला होता. रात्री हमरस्त्यावर झालेल्या अपघाताला साक्षीदार कुठून आणायचा? घरचा कर्ता गेलेल्या बाईला हे ओझे पेलणारे नव्हतेच. १९८२ मध्ये जुन्या कायद्यात कलम ९२-अ आले आणि मृत्यूसाठी १५ हजार रुपये तातडीने मिळू लागले. १९८८ च्या कायद्याने ही रक्कम २५ हजारांवर नेली, १९९४ मध्ये ती ५० हजार झाली. त्याच वर्षी वय आणि उत्पन्न पाहून भरपाई ठरवणारा तक्ताही आला. मात्र वार्षिक ४० हजारांच्या उत्पन्नापाशी थांबणारा हा तक्ता २०१८ पर्यंत तसाच राहिला. महागाई वाढत असताना इतकी वर्षे आकडे न बदलणे हा पीडितांवर सरळ अन्याय होता.

या तरतुदीची व्याप्ती ठरवणारा खटला सातारा जिल्ह्यातला आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर उलटला. पेट्रोल गळत राहिले, उजाडल्यावर लोक जमले आणि टकरीनंतर सुमारे चार तासांनी स्फोट झाला. जमलेल्यांपैकी काही जण भाजून मेले. टक्कर वेगळी आणि स्फोट वेगळा, म्हणून भरपाई नाही, असे न्यायाधिकरणाने ठरवले. उच्च न्यायालयाने ते फिरवले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दावेदाराच्या बाजूने कौल दिला: उलटून पडलेला टँकरही ‘वापरात’ असू शकतो आणि स्फोट हा त्या वापरातूनच उद्भवलेला अपघात आहे. कायदा माणसासाठी वाचावा तो असा.

कलम १६४ चा मार्ग सोपा, पण रक्कम ठरलेली. कमावत्या तरुणाच्या कुटुंबाला कलम १६६ खाली निष्काळजीपणा सिद्ध करून बरीच जास्त भरपाई मिळू शकते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी वकिलाशी नीट बोलावे. वाहनचालकाच्या बाजूने पाहिले तर थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २ हजार रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय भरपाई मालकाच्याच खिशातून जाते.

मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीत ‘नो फॉल्ट’चा अर्थ वेगळा आहे. तिथे जखमी चालकाच्या उपचारांचा खर्च सहसा त्याचीच विमा कंपनी देते आणि त्या बदल्यात वेदनांबद्दल दुसऱ्यावर दावा लावण्याचा हक्क पॉलिसीतील निवडीनुसार मर्यादित होतो.

आपल्याकडे स्वतः गाडी चालवणारा मालक या संरक्षणाबाहेर राहतो, हे अनेकांना अपघातानंतरच कळते. तो स्वतःच्या पॉलिसीत ‘थर्ड पार्टी’ नसतो. त्याच्यासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण, म्हणजे पीए कव्हर, वेगळे असते. दुसऱ्याकडून मागून घेतलेल्या गाडीचेही तसेच. दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन निघालेला तरुण पुढच्या बैलगाडीवर आदळून मरण पावला, तेव्हा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मालकाच्याच जागी धरले. त्यामुळे त्याच्या कुटुंबाचा त्या वेळच्या विनादोष कलमाखालचा दावा टिकला नाही.