संघटनात्मक अध्ययन आणि उत्पादन-नवप्रवर्तन

संस्थेने अनुभवातून मिळवलेले ज्ञान तिच्या कार्यपद्धतींत, नोंदींत व माणसांच्या सवयींत मुरणे आणि त्यानुसार तिचे वर्तन बदलणे, यास संघटनात्मक अध्ययन म्हणतात. कंपन्यांची नवी उत्पादने बव्हंशी या अध्ययनावर उभी असतात.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. तिचे श्रेय बहुधा क्रिस आर्जिरिस व डोनाल्ड शॉन यांना (१९७८) दिले जाते. परंतु कंपन्या अनुभवावरून आपली उद्दिष्टे व नियम बदलतात, हे रिचर्ड सायर्ट व जेम्स मार्च यांनी १९६३ मध्येच मांडले होते. व्हिन्सेंट कँजेलोसी व विल्यम डिल यांच्या १९६५ च्या निबंधाच्या शीर्षकातही ही संज्ञा आढळते. विमानबांधणीत एकूण उत्पादन दुप्पट होताना दर विमानामागील श्रम ठरावीक प्रमाणात घटतात, हे टी. पी. राइट यांचे १९३६ चे निरीक्षण त्याहून जुने. मात्र तेथे वस्तू तीच राहते, हात तेवढा बसतो. त्यामुळे उगम १९६३ च्या सुमारास धरणे अधिक सयुक्तिक वाटते. आर्जिरिस-शॉन यांचे खरे योगदान म्हणजे चूक दुरुस्त करणारे एकपदरी आणि चुकीमागचे गृहीतच तपासणारे दुपदरी अध्ययन हा भेद. नवप्रवर्तनाला दुसरे अधिक उपकारक ठरते.

वेस्ली कोहेन व डॅनिएल लेव्हिन्थाल (१९९०) यांच्या मते बाहेरचे नवे ज्ञान ओळखून पचवण्याची ग्रहणक्षमता पूर्वसंचित ज्ञानावर अवलंबून असते. म्हणून स्वतःचे संशोधन दुसऱ्याचे शोध समजण्यासही उपयोगी पडते.

इकुजिरो नोनाका यांनी अव्यक्त, म्हणजे हातात असलेल्या पण शब्दांत न उतरलेल्या, ज्ञानावर भर दिला. त्यांचे उदाहरण असे: जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या घरगुती पाव-यंत्रात कणीक नीट मळली जाईना. यंत्राने व कारागिराने मळलेल्या कणकेची क्ष-किरण छायाचित्रे ताडूनही उलगडा होईना. तेव्हा कंपनीच्या इकुको तानाका यांनी ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराकडे उमेदवारी केली. तो कणीक ताणताना पीळ देतो, हे त्यांनी हेरले. पुढे यंत्राच्या भांड्यात आतून कंगोरे बसवले गेले. यंत्र १९८७ मध्ये बाजारात आले. कारागिराचे ज्ञान येथे खरोखर यंत्रात उतरले का, याबद्दल रॉड्रिगो रिबेरो व हॅरी कॉलिन्स (२००७) यांनी शंका घेतली आहे: यंत्राने काही हालचालींचे अनुकरण केले, उरलेले कौशल्य वापरणाऱ्याकडेच राहिले. हा आक्षेप ग्राह्य वाटतो. तथापि शेजारी उभे राहून शिकण्याचे मोल त्याने कमी होत नाही.

फसलेला प्रयोगही जपावा लागतो. थ्रीएम या अमेरिकी कंपनीतील स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये घट्ट गोंदाऐवजी सहज सुटणारा गोंद मिळाला. ते सहकाऱ्यांना त्याविषयी सांगत राहिले. प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडत, म्हणून आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये तो आठवला. चिकट चिठ्ठ्या १९८० मध्ये अमेरिकाभर विक्रीस आल्या.

अध्ययन नवप्रवर्तनाला मारकही ठरते. डोरोथी लेनर्ड-बार्टन (१९९२) यांनी दाखवले की मुरलेली कौशल्येच पुढे ताठर होऊन नव्या उत्पादनाची वाट अडवतात. मार्च यांनी १९९१ मध्ये नव्याचा शोध व हाती असलेल्याचे उपयोजन यांतील ओढाताण मांडली. त्यांच्या संगणकीय प्रतिमानात सर्व सदस्य संस्थेचे संकेत झटपट आत्मसात करतात तेव्हा मतवैविध्य लवकर आटते आणि एकत्रित ज्ञान खालच्या पातळीवर थबकते. काही सदस्य संथ शिकणारे असले, तर ते अधिक वर जाते.