समुद्रकिनाऱ्यावरील दागिनेशोध व उपकरणांची देखभाल

समुद्रकिनाऱ्यावरील दागिनेशोध : पुळणीच्या वाळूत किंवा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हरवलेल्या अंगठ्या, साखळ्या, कर्णभूषणे इत्यादी वस्तू मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने शोधण्याची पद्धती. शेतात किंवा रानात चालणाऱ्या धातुशोधाचीच ही शाखा होय. परंतु खारे पाणी, सतत जागा बदलणारी वाळू आणि वस्तूंचा बारीकपणा यांमुळे तिची साधने, तंत्र व निगा बरीच वेगळी आहे. मीठ येथे दोनदा आडवे येते : शोध चालू असताना ते संकेत गढूळ करते आणि शोध संपल्यावर उपकरण पोखरू लागते.

कार्यतत्त्व : डिटेक्टरच्या तळाशी असलेल्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) बदलता विद्युत्‌प्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आल्यास तिच्यात आवर्त प्रवाह (भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह) उत्पन्न होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि तेच उपकरण टिपते. ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी याच तत्त्वावरचे साधन वापरले होते, मात्र तो प्रयत्न असफल ठरला. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी संकेतांत घोटाळा केला, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. अभियंते गेरहार्ट फिशर यांना हातात धरून वापरण्याजोग्या शोधकाचे अमेरिकी एकस्व (पेटंट) १९३७ मध्ये मिळाले, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी बनवलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये इजिप्तमधील एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला.

समुद्राचे पाणी स्वतःच विद्युत्‌वाहक असते, ही किनाऱ्यावरची मूळ अडचण आहे. त्याची वाहकता धातूंच्या मानाने नगण्य असली, तरी कॉइलखाली ओल्या वाळूचा जो प्रचंड ढीग असतो त्याचा एकत्रित प्रतिसाद एखाद्या बारीक दागिन्याच्या प्रतिसादाला सहज झाकून टाकतो. त्यातच अनेक पुळणींवर मॅग्नेटाइट, इल्मेनाइट अशा खनिजांची काळी वाळू असते आणि तिचा परिणाम मिठाच्या परिणामाहून निराळ्या प्रकारचा असतो. एकाच वारंवारतेवर चालणारे साधे उपकरण या दोहोंपैकी एकाशी जुळवून घेऊ शकते, दोहोंशी एकदम नाही. म्हणून कोरड्या वाळूत उत्तम चालणारा डिटेक्टर पाण्याच्या रेषेवर पोहोचताच विनाकारण किरकिरू लागतो.

यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला, एकाच वेळी अनेक वारंवारता वापरून त्यांच्या प्रतिसादांची तुलना करायची आणि मीठ व खनिजे या दोहोंचा वाटा वजा करायचा. दुसरा उपाय पल्स इंडक्शनचा : कॉइलमध्ये प्रवाहाचा तीव्र ठोका देऊन तो एकदम तोडायचा आणि काही मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) थांबून मगच ऐकायचे. खाऱ्या पाण्यातील आवर्त प्रवाह तोवर विझलेले असतात, धातूतील मात्र रेंगाळतात. तथापि नाजूक सोन्याचे प्रवाहही लवकर विझतात, त्यामुळे हा थांबा १० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे मीठ नुकतेच गप्प होत असताना ठेवावा लागतो. तो आणखी कमी केल्यास उपकरण लाटांवरच ओरडू लागते. पल्स इंडक्शनची उपकरणे खोलवर पोहोचतात, पण लोखंड वेगळे ओळखण्यात दुबळी असतात. केसांतील पिना आणि खिळे उकरण्याची तयारी नसलेल्याने त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

दागिन्यांचे संकेत : शुद्ध सोने उत्तम वाहक असले तरी दागिन्यांचे सोने मिश्रधातू असते, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के, तर १४ कॅरेटमध्ये सुमारे ५८.५ टक्के सोने असते. मिश्रणामुळे वाहकता बरीच घसरते आणि उपकरणाच्या पडद्यावर वस्तूच्या वाहकतेनुसार दिसणारा आकडा नेमका ॲल्युमिनियमचा चुरगळलेला वर्ख, डब्यांच्या ओढपट्ट्या यांच्याच पट्ट्यात पडतो. कचरा टाळण्यासाठी हा पट्टा बंद केला की कचऱ्याबरोबर सोन्याच्या अंगठ्याही बंद होतात. चांदीचे तसे नाही; तिचा आकडा वर असतो व ती सहसा नाण्यांच्या शेजारी दिसते. म्हणूनच सोन्यासाठी हिंडणारे जाणते शोधक लोखंड वगळता बहुतेक सर्व संकेत खणतात, आणि हे कष्टाचे असले तरी याला पर्याय नाही.

वस्तूचा आकारही तितकाच महत्त्वाचा ठरतो. अंगठी हे बंद वलय असल्याने प्रवाह तिच्यात सलग फिरतो आणि ध्वनी गोल, स्वच्छ येतो. तीच अंगठी तुटलेली असेल तर प्रतिसाद एकदम खाली येतो. बारीक साखळीच्या बाबतीत तर उपकरणाला साखळी अशी दिसतच नाही; प्रत्येक कडी सुटी वाटते, आणि बहुधा फक्त साखळी अडकवण्याच्या फाशाचा किंवा पदकाचा आवाज ऐकू येतो.

किनारा वाचणे : थंड पाण्यात बोटे आक्रसतात, उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमांमुळे ती निसरडी होतात आणि लाटांशी खेळताना हात झटकले जातात, अंगठ्या बहुतेक अशाच जातात. म्हणून कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्याचा पट्टा अंगठ्यांसाठी, तर अंथरुणे पसरण्याची व चेंडू खेळण्याची कोरडी जागा कर्णभूषणे व साखळ्यांसाठी पाहिली जाते. पुढे काय होते ते मात्र समुद्र ठरवतो. वाळूतील क्वार्ट्‌झची घनता २.६५ ग्रॅम प्रति घन सेंमी. आणि शुद्ध सोन्याची १९.३ असल्याने लाटांनी ढवळलेल्या वाळूतून सोने खाली खाली सरकते व गोटे, शिंपले किंवा चिकणमातीच्या घट्ट थरावर जाऊन थांबते. शांत हवामानात लाटा वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात आणि हा थर डिटेक्टरच्या आवाक्याबाहेर जातो. वादळी लाटा तीच वाळू समुद्रात ओढून नेतात. वादळानंतर पुळणीवर वाळूचा उभा कापल्यासारखा कडा दिसला, की त्याच्या पायथ्याचा पट्टा सर्वांत आधी तपासावा. तेथे गळाची शिशाची वजने, जुनी नाणी व जड खडे एकत्र सापडू लागले तर ती जागा सोडू नये, कारण लाटा वस्तू वजनानुसार निवडून ठेवतात. याउलट हलकी ॲल्युमिनियमची टाकाऊ झाकणेच मिळत असतील तर वर नव्याने आलेली वाळू आहे, असे समजावे.

वेळेची निवड भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून करतात. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत ओहोटीही अधिक खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो. ओहोटी पूर्ण होण्याच्या सुमारे दोन तास आधी सुरुवात करून उतरत्या पाण्यामागोमाग जाणे सोयीचे असते.

शोध व उत्खनन : कॉइल वाळूला समांतर व जवळ ठेवून सावकाश फिरवावी आणि प्रत्येक फेर आधीच्या फेरावर निम्मा चढवावा. ओल्या वाळूत पाण्याच्या रेषेला समांतर चालल्यास ओलावा सारखा राहतो व खोटे संकेत कमी होतात. तरीही उपकरण बडबडत असेल तर संवेदनक्षमता उतरवावी, कारण शांत चालणारा डिटेक्टर थोडा उथळ असला तरी अधिक वस्तू दाखवतो. अंगठीएवढी वस्तू सामान्यतः २० ते ३० सेंमी. खोलीपर्यंत मिळते. संकेत मिळताच त्यावरून कॉइल एकदा आडवी आणि एकदा उभी न्यायची. दोन्ही दिशांनी ध्वनी एकाच ठिकाणी तीव्र झाला, तर त्या छेदबिंदूच्या किंचित मागे जाळीदार फावडे रोवायचे. पहिला घास उपसून खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवतात : ध्वनी थांबला असेल तर वस्तू फावड्यात आहे, नसेल तर ती अजून खाली किंवा खड्ड्याच्या कडेला आहे. फावड्याच्या जाळीची छिद्रे मोठी असली की कानातले खडे निसटतात, बारीक असली की ओली वाळू गळतच नाही. काचा व सुया यांमुळे हातमोजे आवश्यक असतात. खड्डा बुजवणे बंधनकारक मानावे. कासवांची अंडी असलेल्या पट्ट्यात खणू नये आणि युद्धकालीन दारूगोळ्यासारखे काही दिसल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे.

कायदा : सापडलेली वस्तू सापडवणाऱ्याचीच होते, हा समज चुकीचा आहे. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता हरवलेला दागिना ठेवून घेणे ब्रिटनसह अनेक देशांत चोरीत मोडू शकते. इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यानुसार ३०० वर्षांहून जुन्या सोन्या-चांदीच्या वस्तूंची माहिती १४ दिवसांत द्यावी लागते. फ्रान्समध्ये पुराणवस्तूंच्या शोधासाठी डिटेक्टर वापरण्यास प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते. आतील बाजूस कोरलेली नावे व तारखा मालकापर्यंत पोहोचण्यास फार उपयोगी पडतात, म्हणून अशी अंगठी घासण्यापूर्वी भिंगाखाली पाहावी.

देखभाल : जलरोधक उपकरण म्हणजे मीठरोधक उपकरण नव्हे. पाणी वाळून गेले तरी मिठाचे स्फटिक मागे राहतात, हवेतील ओलावा धरून ठेवतात आणि जोडण्यांवर वाहक थर तयार करतात. सांध्यांत अडकलेली वाळू दुसरीकडे घासकागदासारखे काम करते. म्हणून प्रत्येक शोधानंतर, शक्यतो मीठ सुकण्यापूर्वी, कॉइल, दांडा, कळफलक आणि फावडे गोड्या पाण्याने धुवावे. पाण्याचा झोत जोरदार नसावा, कारण जोराचा झोत सीलमधून (पाणी अडवणाऱ्या रबरी जोडांतून) पाणी आत ढकलू शकतो. दांड्याचे भाग सुटे करून आतली वाळू काढावी. एकत्र ठेवलेले भाग काही आठवड्यांत असे अडकतात की ते सोडवताना कुलूपपट्टी तुटते.

कॉइलखालचे प्लॅस्टिकचे झाकण काढून पाहण्याचा सर्वाधिक कंटाळा केला जातो आणि सर्वाधिक त्रासही तेथूनच होतो. झाकण व कॉइल यांच्या फटीत काळ्या वाळूचा पातळ थर साचतो, कॉइलबरोबर हलतो आणि जमीन स्वच्छ असतानाही उपकरणाला चाळवत राहतो. दांड्याभोवती गुंडाळलेली तार सैल असेल तरीही असेच खोटे संकेत येतात, आणि ती फार ताणली असेल तर कॉइलच्या मुळाशी तुटते.

बॅटरीचा कप्पा, हेडफोनची जोडणी व अन्य झाकणांवर रबरी ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या गोल कड्या) असतात. त्या बाहेर काढून वाळूचे कण पुसावेत, खाचही पुसावी, चिरा पडल्या असल्यास बदलाव्यात आणि सिलिकोन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. एक केस किंवा वाळूचा एक कण सीलवर राहिला तरी पाण्याला वाट मिळते. खनिज तेले व गंज सोडवणारे फवारे रबर फुगवू शकतात, ते येथे वापरू नयेत. उन्हात तापलेले उपकरण एकदम थंड पाण्यात बुडवल्यास आतील हवा आकुंचन पावते व कमकुवत सीलमधून पाणी ओढले जाते. आधी ते सावलीत निववावे.

फावड्यासाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील ३०४ पेक्षा टिकाऊ असते, कारण त्यातील मॉलिब्डेनम क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांना विरोध करतो. तरीही वेल्डिंगचे सांधे आधी गंजतात, ते वरचेवर तपासावेत. अल्कलाइन बॅटरी गळून संपर्कपट्ट्यांवर पांढरी पूड जमल्यास व्हिनेगरचा ओला बोळा फिरवून, पुसून व पूर्ण वाळवून घ्यावे.

पाणी आत शिरल्यास उपकरण लगेच बंद करून बॅटरी काढावी व चालते का ते पाहण्यासाठी पुन्हा सुरू करू नये. आतील मीठ ऊर्ध्वपातित पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणे हा उपाय परिणामकारक आहे, पण तो उपकरण उघडता येणाऱ्यानेच करावा. दीर्घकाळ ठेवताना सुट्या बॅटऱ्या काढून घ्याव्यात. लिथियम-आयन बॅटरी साधारण निम्मी भारित करून थंड, कोरड्या जागी ठेवावी. बाहेर काढल्यावर जुनीच, ओळखीची अंगठी कॉइलसमोर धरून ती किती अंतरावरून ऐकू येते हे मोजावे. पूर्वीच्या नोंदीपेक्षा हे अंतर घटले असेल, तर दोष वाळूत शोधण्याआधी तार, जोडण्या आणि बॅटरी तपासावी.