तक्ता मावत नाही, मजकूर मावतो

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत दहा हजार आकड्यांचा तक्ता थेट कोडमध्ये लिहून पाहा. 'कोड टू लार्ज' म्हणत कंपाइलर (कोडचं यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) हात वर करतो. मग हीप (प्रोग्रॅमला मिळणारी मेमरी) वाढव, रॅम वाढव असे सल्ले सुरू होतात. हे म्हणजे अंगारा लावून ताप उतरवणं. रॅम दुप्पट केली तरी काडीचा फरक पडत नाही, कारण अडचण मेमरीची नाहीच.

सी भाषेत असा तक्ता (प्रोग्रॅमरांच्या बोलीत 'अ‍ॅरे') लिहिला की त्याचे बाइट फाइलच्या डेटा भागात जसेच्या तसे जाऊन बसतात. जावाच्या क्लास फाइलमध्ये, म्हणजे कंपाइलर बनवतो त्या फाइलमध्ये, अ‍ॅरेसाठी तशी जागाच ठेवलेली नाही. म्हणून कंपाइलर प्रत्येक आकड्यासाठी सूचना लिहितो: अ‍ॅरेचा संदर्भ स्टॅकवर (तात्पुरत्या साठ्यावर) पुन्हा ठेव (१ बाइट), समजा २०० हा घराचा क्रमांक ठेव (३ बाइट), ७५० ही किंमत ठेव (३ बाइट), आता ती त्या घरात भर (१ बाइट). ४ बाइटांच्या आकड्यासाठी ८ बाइटांची हमाली! आणि एका मेथडचा (एका कामासाठीच्या सूचनांच्या गटाचा) कोड ६५,५३५ बाइटांपलीकडे जाऊ द्यायचा नाही, हा जेव्हीएमचा (जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेचा) नियम. करा भागाकार, आठ हजारांच्या आसपास गाडी अडते.

पळवाट मात्र झकास आहे. आकडे स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या मजकुरात, कोंबायचे! स्ट्रिंग ही सूचना नसून डेटा असते, ती कॉन्स्टंट पूलमध्ये (क्लास फाइलमधल्या ठरीव मूल्यांच्या साठ्यात) पडून राहते. जावाचं एक अक्षर १६ बिटांचं, म्हणजे त्यात ० ते ६५,५३५ यांतला कुठलाही आकडा बसतो. प्रोग्रॅम सुरू झाला की स्ट्रिंग उलगडून अ‍ॅरे भरायचा.

स्ट्रिंगलाही ६५,५३५ बाइटांचीच मर्यादा आहे, पण मोजणी वेगळी: १ ते १२७ ला एक बाइट, १२८ ते २०४७ ला दोन, पुढे तीन. शून्याला मात्र दोन! तक्त्यांत तर शून्यांचाच सुळसुळाट. म्हणून अँटलर ४ हे पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्रॅम) बनवणारं साधन प्रत्येक आकड्यात २ मिळवून ठेवायचं. शून्याचे झाले २, उणे एकचा (एरवी ६५,५३५, तीन बाइट) झाला १. दोन्ही एकेका बाइटात. जेफ्लेक्स हे मजकुराचे शब्द पाडणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन आणखी पुढे जातं: तोच आकडा ओळीने आला तर 'किती वेळा, कोणता' एवढंच लिहितं.

नुसता डेटा असेल तर वेगळी फाइल ठेवणंच शहाणपणाचं. पण खुद्द जावानेही हीच युक्ती वापरली आहे. 'क' हे अक्षर आहे का, असं विचारलं की उत्तर यूनिकोडच्या तक्त्यांतून येतं, आणि ते तक्ते जेडीकेच्या (जावाच्या मूळ साधनसंचाच्या) कोडमध्ये अगम्य दिसणाऱ्या लांबलचक स्ट्रिंग म्हणूनच लिहिलेले आहेत.